हिवताप : संशोधन आणि आपले कर्तव्य

आपल्या बालाघाट जिल्ह्यातील बैहर, बिरसा, लांजी या वनप्रदेशांत हिवतापाचे भय फार जुने. १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांस डासाच्या जठरात या रोगाचे जंतू आढळले. पुढे घातक हिवतापावर क्लोरोक्विन निष्प्रभ ठरू लागले, तेव्हा तू यूयू या चिनी विदुषीने वनस्पतीतून शोधलेले आर्टेमिसिनिन तारक ठरले. २०१५ साली त्यांस नोबेल पारितोषिक लाभले. आता थेंबभर रक्तावरून अर्ध्या तासाच्या आत निदान होते. परंतु मजुरी बुडेल या भीतीने गिरणीतील हमाल ताप अंगावर काढतो. म्हणून व्यापारी बंधूंनी अंदाजाने गोळी न देता त्याच दिवशी त्याचे रक्त तपासवावे आणि त्या दिवसाची मजुरी कापू नये. संशोधनाचे फळ गरिबाच्या पदरी पडते ते असे.