बोगनवेलीचे बोन्साय आणि तिची आजारी मुळे

कुंडीतले झाड मलूल दिसले, की आपला हात आधी कशाकडे जातो? पाण्याच्या तांब्याकडे! आमच्या शाळेच्या व्हरांड्यातील बोगनवेलीच्या बोन्सायबाबत आम्हीही हेच केले. मनगटाएवढ्या जाड खोडाचे हे झाड एका निवृत्त शिक्षकांनी शाळेला दिलेले. दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये ते राणी रंगाने भरून जाई. एका वर्षी मात्र बहर आलाच नाही. उन्हाळ्यात पाने दुपारीच नव्हे, तर सकाळीही माना टाकू लागली. आम्ही पाणी वाढवले. पाने पिवळी पडून गळू लागली. आम्ही पाणी आणखी वाढवले. शेवटी एक फांदी वाळली, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "बाई, माती तर ओलीच आहे. मग झाड तहानलेलं कसं?"

तिच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आमची चूक आम्हांला उमगली.

ओल्या मातीतली तहान

मुळे पाणी शोषतात हे आपण शिकवतो. पण मुळे श्वसनही करतात हे अनेकदा राहून जाते. मुळांच्या जिवंत पेशींना ऑक्सिजन लागतो. तो मातीच्या कणांमधील पोकळ्यांतून येतो. या पोकळ्या पाण्याने भरल्या, तर ऑक्सिजन पोचायचा कसा? हवेच्या तुलनेत पाण्यातून ऑक्सिजनचे विसरण सुमारे दहा हजार पटींनी मंद असते. मुळे गुदमरतात, मरतात. मग कुजवणाऱ्या बुरशा त्यांवर हल्ला करतात. मेलेले मूळ पाणी शोषू शकत नाही. म्हणजे पाण्यात उभे असलेले झाड पाण्यावाचून सुकते! त्यात आणखी पाणी घालणे म्हणजे बुडत्याला पाणी पाजणे.

आपल्या शेतकऱ्यांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. माती ओली आहे पण चिखल नाही, पोकळ्यांत पाणीही आहे आणि हवाही, अशा स्थितीला ते 'वाफसा' म्हणतात. कुंडीतही वाफसा हवा. उथळ तबकात तो राखणे अधिक कठीण का, ते एका सोप्या प्रयोगातून पाहू.

स्पंजचा प्रयोग

वहीच्या आकाराचा एक स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा. तो आडवा धरा व निथळू द्या. पाणी ठिबकायचे थांबले, की तोच स्पंज न दाबता उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल! स्पंज तोच, मग हे पाणी कुठून आले?

केशाकर्षणामुळे स्पंजच्या तळाशी पाण्याने भरलेला एक थर अडून राहतो. या थराची उंची छिद्रांच्या आकारावर अवलंबून असते. स्पंज उभा आहे की आडवा यावर नाही. आडव्या स्पंजात हा थर मोठ्या पृष्ठभागावर पसरतो, म्हणून त्यात जास्त पाणी मावते. उभ्या स्पंजात तो लहानशा तळापुरता उरतो आणि बाकीचे पाणी गळून जाते.

कुंडीतही हेच घडते. समजा, एखाद्या मातीत असा थर 4 सेंटिमीटर उंच आहे. 20 सेंटिमीटर खोल कुंडीत त्याने पाचवा हिस्सा व्यापला. पण 6 सेंटिमीटर खोल तबकात दोन तृतीयांश! माती जितकी बारीक, तितका हा थर उंच. तबकाच्या तळाशी खडी पसरली की निचरा सुधारतो, असे आम्हीही मानत होतो. प्रत्यक्षात बारीक मातीतले पाणी खाली खडीत सहज उतरत नाही. ते खडीच्या वर अडते आणि ओला थर मुळांच्या आणखी जवळ येतो. उपाय एकच: सगळी मातीच भरड हवी.

तबक उलटल्यावर

जूनच्या सुरुवातीला, हवेत दमटपणा आला तेव्हा, आम्ही झाड तबकातून काढले. कुजका वास आला. माती बारीक व घट्ट झालेली. तळाची मुळे काळी पडलेली. चिमटीत धरून ओढली, की साल मोज्यासारखी निघून यायची. निरोगी मूळ फिकट आणि टणक असते. दुसरी अडचणही दिसली. बोगनवेल सहसा फाटे कलमाने वाढवतात, त्यामुळे तिला सोटमूळ नसते. फांदीच्या कापलेल्या टोकाला मुळे फुटतात आणि ती चहूबाजूंनी सारखी येतीलच असे नाही. आमच्या झाडाची जाड मुळे जवळजवळ सगळी एकाच बाजूला होती. त्यांतील दोन तबकाच्या कडेने वेटोळे घालून एकमेकींना आवळत होती.

"सर, मुळं कापली तर झाड मरणार नाही का?" हा प्रश्न अपेक्षितच होता. जाड, जुनी मुळे झाडाला धरून ठेवतात आणि अन्न साठवतात. पाणी शोषण्याचे काम मुख्यतः कोवळी मुळे व त्यांवरचे मूलरोम करतात. शेतकरी याला पांढरी मुळी किंवा जारवा म्हणतात. जाड मुळाचे टोक कापले, की त्या टोकाचे वर्चस्व संपते आणि कापाच्या मागून नवी उपमुळे फुटतात. त्यासाठी ऑक्सिन हे संप्रेरक आणि साखर लागते. दोन्ही वरून, शेंडे आणि पानांकडून येतात. म्हणून मुळे कापल्यावर पाने कमी करावी लागतात, कारण बाष्पोत्सर्जनाला पाणी पुरत नाही. पण सगळी काढून टाकणेही शहाणपणाचे नाही.

आम्ही कुजलेले सर्व भाग काढले, वेटोळ्याची मुळे धारदार कात्रीने आखूड केली आणि जिवंत मुळांपैकी सुमारे दोन तृतीयांश राखली. बोगनवेलीची मुळे ठिसूळ असतात. म्हणून माती आकड्याने ओरबाडण्याऐवजी पाण्याने हलकेच धुतली आणि खोडालगतची थोडी जुनी माती तशीच ठेवली.

मुळांनी ठरवलेला आकार

आता झाड पूर्वीसारखे सरळ उभे राहीना. एका बाजूला मुळेच नव्हती. तेव्हा आम्ही आकारच बदलला. खोड मुळे नसलेल्या बाजूकडे कलते केले. वादळात तंबूला जसे विरुद्ध बाजूचे दोर सावरतात, तशी दुसऱ्या बाजूची जाड मुळे आता कललेल्या खोडाला धरू लागली. जपानी बोन्साय कलेत अशा कललेल्या घाटाला 'शाकान' म्हणतात. जो दोष वाटत होता, तोच घाटाचा आधार झाला.

फांद्यांचे काय? बोगनवेलीचे जुने लाकूड वाकवले तर मोडते. तार फक्त अर्धवट पिकलेल्या कोवळ्या फांद्यांनाच चालते. जाड फांद्यांसाठी दक्षिण चीनमधील लिंगनान परंपरेची रीत बरी: कापायचे, वाढू द्यायचे, हव्या त्या दिशेच्या डोळ्यावर पुन्हा कापायचे. आम्ही वाळलेली फांदी आणि तोल बिघडवणाऱ्या दोन फांद्या काढल्या व जखमांना बोर्डो पेस्ट लावली.

भरणीसाठी चाळलेला विटांचा चुरा आणि जाड वाळू मिळून तीन भाग, कुजलेला पालापाचोळा एक भाग घेतला. कण 2 ते 5 मिलिमीटरचे. त्याहून बारीक भुकटी टाकून दिली. छिद्रांवर प्लॅस्टिकची जाळी ठेवली आणि तारेने झाड तबकाला बांधले. झाड हलत राहिले, तर नव्या मुळांची टोके तुटतात. मग तबक सावलीत, पावसाची झड लागणार नाही असे ठेवले. दीड महिना खत दिले नाही. पाणी रोजच्या सवयीने न देता, वरची माती बोटाला कोरडी लागली तरच दिले.

फुले केव्हा येतात?

आपण ज्याला बोगनवेलीचे फूल म्हणतो, ती रंगीत सहपत्रे असतात. खरी फुले लहान, नळीसारखी; तीन सहपत्रांना प्रत्येकी एक चिकटलेली. बोगनवेलीचा काटा आणि फुलोरा एकाच प्रकारच्या अंकुरापासून बनतात. पाणी आणि नत्र भरपूर मिळाले, की वेल पाने आणि लांब फांद्या वाढवण्याच्या मागे लागते व काटे अधिक येतात. म्हणून बहरापूर्वी माळी पाण्याचा ताण देतात. पण ताण सोसायला आधी निरोगी मुळे हवीत.

आमच्या झाडाला तिसऱ्या आठवड्यात तांबूस पालवी फुटली. उजवीकडची एक फांदी मात्र वाचली नाही. त्या हिवाळ्यात आम्ही ताण दिला नाही आणि बहरही आला नाही. मुले हिरमुसली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये कलत्या खोडावर पुन्हा राणी रंग उतरला, तेव्हा देणाऱ्या गुरुजींना मुलांनी मुद्दाम बोलावून आणले.

करून पाहा

बोन्साय नसले तरी हरकत नाही. दोन डब्यांत एकाच आकाराची तेरड्याची रोपे लावा. एकाच्या तळाला छिद्रे पाडा, दुसऱ्याच्या नको. दोन्हींना रोज सारखे, सढळ पाणी द्या. कोणते रोप आधी माना टाकते, किती दिवसांनी, याची नोंद ठेवा. शेवटी दोन्ही उपटून मुळांचा रंग, वास आणि टणकपणा यांची तुलना करा. ओल्या मातीत झाड तहानलेले कसे, याचे उत्तर मुलांना मुळेच देतील.