घरातल्या सशाला पाणी कशात ठेवावे? वाडग्यात की बाटलीत?

"सशाला पाणी लागतच नाही, पाला खातो तेवढं त्याला पुरे", "पाणी पाजलं की ससा मरतो" असे आजही बऱ्याच घरांत ऐकायला मिळते. ईदीच्या पैशांतून मुले सशांची जोडी आणतात, पिंजरा येतो, गाजरे येतात. पाण्याचा विचार मात्र सगळ्यात शेवटी होतो. म्हणून या लेखात आम्ही एकाच प्रश्नावर बोलणार आहोत: पाळीव सशाला पाणी द्यायचे कशात आणि तो ते पितो की नाही हे ओळखायचे कसे?

आधी गैरसमज दूर करू. ससा आपल्या अंगाच्या मानाने भरपूर पाणी पितो. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण ५० ते १५० मिली, असा हिशेब धरतात. म्हणजे दीड किलोच्या सशाला ७५ ते २२५ मिली पाणी लागते. ओला पाला जास्त खाल्ला तर कमी, वाळलेले गवत खाल्ले तर जास्त. उन्हाळ्यात तर आणखी वाढते.

हे पाणी जाते कुठे? ससा दिवसभर चारा चघळत असतो. पोटातला चारा ओलसर राहिला तरच तो पुढे सरकतो. पाणी कमी पडले की तो सुकतो, आतड्यांची हालचाल मंदावते आणि ससा खाणे सोडतो. दुसरे म्हणजे, चाऱ्यातले जादा कॅल्शियम सशाच्या शरीरातून लघवीवाटे बाहेर पडते. त्यामुळे त्याची लघवी थोडी गढूळ असतेच. पण पाणी कमी पडत राहिले तर मूत्राशयात दाट गाळ आणि खडे होऊ शकतात.

बाटली: सोयीची, पण फसवी

दुकानदार पिंजऱ्याबरोबर बहुतेक वेळा बाटलीच देतात. ती जाळीला उलटी टांगायची, खाली स्टीलची नळी, नळीच्या टोकाला छोटी गोळी. सशाने जिभेने गोळी ढकलली की थेंब येतो. यात पाणी सांडत नाही, त्यात लेंड्या किंवा गवत पडत नाही, सशाची मानही भिजत नाही.

पण अडचणीही आहेत. थेंब-थेंब पाणी मिळवायला सशाला बराच वेळ लागतो. बोअरचे पाणी जड असेल तर क्षार साचून गोळी अडकते. आणि इथेच फसगत होते. बाटली भरलेली दिसते, घरच्यांना वाटते पाणी आहे. आणि ससा तहानलेला असतो. उलट गोळी नीट बसली नाही तर रात्रीत सगळी बाटली गळून जाते. पारदर्शक बाटली उजेडात राहिली की आतून हिरवे शेवाळ धरते, ते वेगळेच.

वाडगा: सशाच्या सवयीला जवळचा

ससा मान खाली घालून, जिभेने लपालपा पाणी पितो. उघड्या भांड्यातून पिणे त्याला सोपे जाते. ज्युरिक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये हेच तपासले. दोन्ही सोयी समोर ठेवल्या तेव्हा सशांनी उघडे भांडे जास्त पसंत केले.

म्हणून पहिली निवड वाडग्याची करावी, असे आम्ही सुचवू. वाडगा चिनी मातीचा, जड आणि रुंद बुडाचा घ्या. हलका प्लास्टिकचा नको; ससा तो दातांनी उचलून उलटा करतो, कुरतडतो. काठ फार उंच नको. पिल्ले असतील तर भांडे उथळच हवे. पिंजऱ्याच्या जाळीला अडकवायची स्टीलची वाटी मिळाली तर तीही चांगली. भांडे लघवीच्या कोपऱ्यापासून लांब ठेवा. दोन ससे असतील तर दोन भांडी ठेवा, म्हणजे एक दुसऱ्याला हुसकावणार नाही.

पक्ष्यांसाठी ठेवतो ते मातीचे परळही चालते. मराठवाडा-विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात त्यातले पाणी गार राहते. कोकणातल्या दमट हवेत तेवढा फरक पडत नाही. परळ मात्र रोज घासून अधूनमधून उन्हात वाळवावे लागते, नाहीतर शेवाळ धरते.

वाडग्याचा एक तोटा लक्षात ठेवा. काही सशांच्या, विशेषतः माद्यांच्या, गळ्याखाली कातडीची जाड घडी असते. ती सारखी भिजली तर तिथे जखम होते. अशा वेळी लहान तोंडाचे भांडे वापरा आणि घडी रोज पुसून कोरडी करा.

आधी बाटलीची सवय असेल तर ती एकदम काढू नका. आठवडाभर दोन्ही ठेवा. लग्नाकार्याला दिवसभर घर बंद राहणार असेल, तेव्हाही वाडगा आणि बाटली दोन्ही असलेले बरे. एक सांडले तर दुसरे राहते.

मोजून ठेवा, मोजून पाहा

भांडे कोणतेही असो, पाणी मापाने घाला आणि दुसऱ्या दिवशी किती उरले ते पाहा. आठ दिवसांत आपल्या सशाचे प्रमाण कळते. ते अचानक घटले किंवा खूप वाढले तर काहीतरी बिघडले आहे, हे समजा. बाटली असेल तर रोज गोळी बोटाने दाबून थेंब येतो का, ते बघा. क्षार साचले असतील तर नळी व्हिनेगरमध्ये भिजवा, ब्रशने घासा आणि स्वच्छ पाण्याने धुऊन घ्या.

ससा पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वांत चपळ असतो. त्यामुळे फज्रनंतर आणि मगरिबच्या आधी भांडे धुऊन पाणी बदलायची सवय लावली तर घरातल्या मुलांनाही ती पाळता येते. रमजानमध्ये सहरीनंतर घर झोपते, तेव्हा भांडे भरूनच झोपा. आपण पितो तेच पाणी त्याला द्या. त्यात ग्लुकोज, साखर किंवा औषधाचे थेंब मनाने मिसळू नका. चव बदलली की ससा पिणे कमी करतो.

सशाला माणसासारखा घाम येत नाही. पारा ३० अंशांच्या वर गेला की त्याला त्रास सुरू होतो. पिंजरा सावलीत हलवा, पाण्यात बर्फाचा एखादा खडा टाका, पण त्याला पाण्यात बुडवू नका. लेंड्या बारीक आणि कोरड्या होणे, लघवी दाट होणे, हिरड्या चिकट लागणे ही पाणी कमी पडल्याची लक्षणे आहेत. दहा-बारा तास ससा काही खात नसेल किंवा लेंड्या टाकत नसेल तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्यांना गाठा. निपचित पडलेल्या सशाच्या तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नका. ते फुफ्फुसात जाऊ शकते.

मांजरीला कोंडून उपाशी-तहानलेली ठेवणाऱ्या बाईची हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पिंजऱ्यातल्या सशालाही स्वतः पाणी शोधायला जाता येत नाही. तेव्हा आज घरी पिंजऱ्याजवळ जा आणि आधी एवढेच बघा, बाटलीतून थेंब येतो आहे ना?