कृष्णविवराचा झोत ताऱ्यांचा जन्म रोखतो, कुठे घडवतोही!

सोलापूर : नवी पेठेत ऐन बाजाराच्या वेळी वळीव कोसळला की रस्त्यावरची गर्दी पांगते; दुकानांच्या वळचणीला मात्र माणसं दाटतात. दीर्घिकेतल्या वायूचंही तसंच. तारा जन्मायला वायू थंड होऊन एकवटावा लागतो. मध्यावरच्या कृष्णविवराजवळून सुटणारा झोत हा वायू तापवतो, बाहेर ढकलतो. मग नवे तारे घडणं मंदावतं आणि दीर्घिका म्हातारी होत जाते. काही ठिकाणी मात्र झोताच्या धक्क्याने वायू दाबला जाऊन उलट तारे जन्मतात.

असे झोत जुन्नर तालुक्यातील खोडदची जीएमआरटी दुर्बीण ३० अँटेनांनी टिपते. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या, सुमारे २.३ कोटी प्रकाशवर्षे लांब 'पॉर्फिरियन' झोतांची मूळ दीर्घिका शोधायलाही खोडदची मदत झाली.