अंगावर काढलेली दुखणी

बंगालच्या दुष्काळानंतर, १९४४ साली, कोलकात्याजवळच्या सिंगूर भागात एक आरोग्य पाहणी झाली. स्वतःची तब्येत कशी वाटते, हे त्यात विचारलं होतं. आजारी किंवा बेताची, असं ४८.५ टक्के विधुरांनी सांगितलं. विधवांमध्ये हे प्रमाण होतं अवघं २.५ टक्के. दुष्काळानं बायकांना वगळलं होतं असं कुणी म्हणणार नाही. अमर्त्य सेन यांनी पुढं हे आकडे वारंवार मांडले. त्रास असून तो न सांगण्याला मराठीत शब्द तयारच आहे: दुखणं अंगावर काढणं.

नंतरच्या ऐंशी वर्षांत पाहण्या पुष्कळ झाल्या. राष्ट्रीय नमुना पाहणीतून लोक कुठं जातात ते कळत गेलं. १९८६-८७ मध्ये ग्रामीण भागात दवाखान्यात दाखल होणाऱ्यांपैकी साधारण ६० टक्के सरकारीत जात. १९९५-९६ मध्ये ते ४४ टक्क्यांवर आले. लोकांनी पाठ का फिरवली, हे मात्र आकड्यांच्या रकान्यात मावत नव्हतं.

मला मोलाची वाटते ती गडचिरोलीतली पाहणी. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांना नुसतं विचारलं नाही, तपासलंही. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. तक्रार सांगितली होती ५५ टक्क्यांनी. तपासणीत ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग निघाला. आणि याआधी अशी तपासणी कधीतरी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. नुसती प्रश्नावली घेऊन गेलं, तर कितीतरी दुखणं उंबऱ्याच्या आतच राहतं, हे या पाहणीनं दाखवून दिलं.

नव्वदीच्या दशकात एका पाहणीसाठी मीही फॉर्म घेऊन वाड्यावस्त्या हिंडले. ओसरीवर बसलं की उत्तरं सासू द्यायची. सून चुलीपाशी. ‘तिला काय धाड भरलीय?’ की पुढचा रकाना. सासू पाणी आणायला उठली की सून हळूच सांगायची, ‘दोन वर्षं झाली, पांढरं जातंय.’ फॉर्मवर खाडाखोड करायला मनाई होती. मी केली.

‘दवाखान्याबद्दल समाधानी आहात का?’ या प्रश्नाला तर हमखास ‘बरं हाय की’. मग विचारायचं, किती वेळ बसलात? डॉक्टरांनी हात लावून बघितलं का? औषध बाहेरून आणायला लागलं का? की खरी कहाणी निघे: सकाळी केसपेपर काढला, दुपारी नंबर लागला, दिवसाची मजुरी बुडाली, चिठ्ठी बाहेरची. उलट गावातल्या खासगी डॉक्टरचं कौतुक असायचं, कारण त्यानं सुई टोचली, अशक्तपणावर सलाईन लावलं आणि पैसे हप्त्यानं घेतले. ‘त्याच्या हाताला गुण हाय.’ त्या सलाईनची गरज बहुतेक वेळा नसायची, पण रुग्ण खूश असायचा. म्हणून समाधानाचा टक्का एकटाच पुढं केला की मला शंका येते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानं सरकारी दवाखान्यात का जात नाही, हे थेट विचारायला घेतलं ते बरं झालं. दवाखाना जवळ नाही, वेळ सोयीची नाही, कर्मचारी जागेवर नसतात, ताटकळावं लागतं, उपचार नीट होत नाहीत, अशी कारणं नोंदली गेली. सर्वसाधारणपणे सरकारीत न जाणारी कुटुंबं देशभरात २००५-०६ मध्ये सुमारे दोनतृतीयांश होती. २०१९-२१ मध्ये निम्मी. हा फरक लहान नाही.

महाराष्ट्रात २००७ पासून पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनीच आरोग्यसेवेला हिरवा, पिवळा, लाल रंग द्यायचा आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर बोलायचं. चारचौघांत उभं राहिलं की तेच लोक ‘बरं हाय’ म्हणत नाहीत, हे तिथं दिसलं. २०१६ मध्ये रुग्णांचं मत घेणारं केंद्राचं ‘मेरा अस्पताल’ आलं. मत आता मोबाइलवर मागतात. पण कित्येक घरांत मोबाइल नवऱ्याच्या खिशात असतो.

तुमच्या दारात आशाताई किंवा पाहणीवाली मुलगी आली, तर तिला घाईनं वाटेला लावू नका. आणि घरातल्या बाईला तिच्याशी एकटीनं बोलू द्या.