तोडलेलें फूल

गतवर्षीं बक्षीस-समारंभाच्या सकाळीं आम्हीं व्यासपीठावर गुलाबांचे गुच्छ मोठ्या हौसेनें मांडले होते. दुपारीं पाहुणे येतात तों साऱ्या गुलाबांच्या माना खालीं झुकलेल्या! भांड्यांत पाणी तर भरपूर होतें; मग फुलें तहानेलीं कां राहिलीं? या प्रश्नाचा शोध घेतां घेतां फुलाऱ्याच्या धंद्याविषयीं आम्हांस जें कळलें, तें येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

झाडावरून तोडलेलें फूल मेलेलें नसतें. त्याचा श्वासोच्छ्वास चालू असतो आणि पानांपाकळ्यांतून पाणी उडून जात असतें. तुटतो तो केवळ मुळांचा आधार. देठांत अत्यंत बारीक नळ्या असतात व त्यांतून पाणी वर चढतें. देठ कापतांच या नळ्यांच्या तोंडांत हवा शिरते. पुढें पाण्यांत कुजणाऱ्या पानांवर जंतू वाढतात आणि तेही तींच तोंडें बुजवितात. आमच्या गुलाबांचें हेंच झालें होतें. म्हणून या कलेंत रचनेच्या आधीं शिकावयाचें तें असें: धारदार सुरीनें देठाचें टोंक पाण्याखालीं धरून तिरपें कापणें, पाण्यांत बुडणारीं पानें काढणें व भांडें स्वच्छ घासणें. पाण्यांत साखर घातल्यास फुलास अन्न मिळतें. परंतु जंतूंसही तीच हवी असते, म्हणून तिच्याबरोबर जंतुनाशक द्रव्य व किंचित आम्लही घालावें लागतें. पिकल्या केळ्यांजवळ फुलें ठेवूं नयेत. पिकत्या फळांतून एथिलीन नांवाचा वायू निघतो व त्यानें कार्नेशनसारखीं फुलें अकालीं मिटतात. (देवघरांत एकाच तबकांत फळेंफुलें ठेवणाऱ्या आमच्या मातांनीं हें मनावर घेऊं नये, तीं फुलें सायंकाळपुरतींच असतात.)

रचनेचें शिक्षण यानंतरचें. लंडन येथें १९२९ सालीं फुलांचें दुकान काढणाऱ्या कॉन्स्टन्स स्प्राय या बाई पूर्वीं शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. भाजीचीं पानें, रानगवत, फळांच्या डहाळ्या यांनाही त्यांनीं गुच्छांत मान दिला आणि पुढें फूलरचनेची शाळाच काढली. आमच्याकडे अबोलीची वेणी किंवा मोगऱ्याचा गजरा कोणी पुस्तकांतून शिकत नाहीं. आईच्या हाताकडे पाहून बोटेंच तें शिकतात.

आतां हीं फुलें येतात कोठून? झेंडू, शेवंती, गुलछडी हीं उघड्या शेतांतून पहाटे दादरच्या किंवा पुण्याच्या बाजारांत पोहोंचतात. लांब देठाचा गुलाब मात्र पुणे जिल्ह्यांतील मावळ भागांत, तळेगांवच्या आसपास, हरितगृहांत वाढवितात. पाश्चात्य देशांत १४ फेब्रुवारीस गुलाबाला मोठी मागणी असते. त्या दिवसाचा हिशेब करून शेतकरी दीड-दोन महिने आधीं झाडें छाटतो. थंडी अधिक पडली कीं कळी लांबते, ऊन तापलें कीं लवकर येते. आणि दिवस टळला कीं तोच गुलाब मातीमोल. कळी मिटलेली असतांनाच कापून थंड खोलींत ठेवतात व पेट्यांत भरून विमानानें पाठवितात.

हॉलंडांतील आल्समेर हें फुलांच्या लिलावाचें प्रसिद्ध ठिकाण होय. आफ्रिकेंतील केनिया देशाच्या नैवाशा सरोवराकांठचे गुलाबही हॉलंडच्या बाजारांत येतात. तेथील लिलाव आमच्या समजुतीच्या उलट चालतो: किंमत वरून खालीं उतरत येते व जो प्रथम बटण दाबील त्याचा माल. फार वेळ थांबावें तर दुसरा घेऊन जातो, घाई करावी तर पैसे अधिक पडतात!

मार्च २०२० मध्यें साथीमुळें व्यवहार थंडावले, तेव्हां आल्समेरला आणि आपल्याकडेही फुलांचे ढीगच्या ढीग फेकून द्यावे लागले. ज्वारीवाला चांगल्या भावासाठीं पोतीं घरांत ठेवूं शकतो. फूलवाल्यास ती सोय नाहीं. इतकेंच नव्हे, तर गिऱ्हाईक नसतांनाही त्याला झाडांस पाणी द्यावें लागतें आणि आलेलीं फुलें मजुरी देऊन कापून घ्यावीं लागतात, नाहीं तर झाड बिघडून पुढचा हंगामही जातो.