आमदारांची पुस्तिका कशी वाचावी?

निवडणूक जवळ आली की आमच्या घरी गुळगुळीत कागदाची एक पुस्तिका येते. मुखपृष्ठावर हात जोडलेले आमदार, आत रस्ते, सभामंडप, पाण्याच्या टाक्या आणि शेवटच्या पानावर 'पुन्हा एकदा संधी द्या'. मी पस्तीस वर्षे हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवले आणि पुस्तके जपून ठेवण्याची खोड असल्यामुळे याही पुस्तिका टाकल्या नाहीत. आज माझ्या कपाटात चार निवडणुकांच्या चार पुस्तिका आहेत. आमदार दोन, पक्ष तीन. २०२४ च्या विधानसभेच्या प्रचारात अशी एखादी पुस्तिका तुमच्याही घरी पडली असेल. ती कशी वाचावी, एवढेच सांगायचे आहे.

या चारही पुस्तिकांत एक काम आहे, आमच्या गावचे आरोग्य उपकेंद्र. पहिल्या पुस्तिकेत ते 'मंजूर' आहे. दुसऱ्यात त्याचे भूमिपूजन आहे, तिसऱ्यात लोकार्पण आणि चौथ्यात 'नूतनीकरण'. प्रत्यक्षात त्या इमारतीला कुलूप आहे. चार वर्षांपूर्वी माझ्या पुतणीला कळा सुरू झाल्या तेव्हा याच इमारतीसमोरून जीप पुढे गेली आणि बाळंतपण तालुक्याच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला झाले. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण तेव्हापासून मी या पुस्तिका नीट वाचू लागलो.

सुरुवात 'मंजूर' या शब्दापासून करावी, कारण सगळी मेख तिथेच आहे. सरकारी कामाला आधी प्रशासकीय मान्यता लागते. मग अभियंत्याची तांत्रिक मान्यता, मग निविदा, मग ठेकेदाराला कार्यारंभ आदेश आणि काम झाल्यावर पूर्णत्वाचा दाखला. यातली पहिली पायरी चढली तरी पुस्तिकेत 'मंजूर' छापता येते. अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत कामाचे नाव घालायचे आणि पुढे तरतूद मात्र नावापुरती ठेवायची, हाही जुना रिवाज आहे. अमुक कोटींचा रस्ता वाचला की एकच विचारावे, कार्यारंभ आदेश कोणत्या तारखेचा? तारीख सांगता आली तर काम खरे.

दुसरी गोष्ट पैशाची. पुस्तिकेतली निम्मी कामे आमदार निधीतली असतात. हा निधी २०१९ मध्ये वर्षाला २ कोटी होता. तो वाढत वाढत २०२२ मध्ये ५ कोटींवर गेला. आकडा मोठा वाटतो. राज्यात मतदार नऊ कोटींहून अधिक आणि मतदारसंघ २८८, म्हणजे सरासरी सव्वातीन लाख मतदारांमागे एक आमदार. ५ कोटींना तेवढ्यांत वाटले तर माणशी वर्षाला दीडशे रुपये येतात. शिवाय हा पैसा आमदाराच्या हातात येतच नाही. तो काम सुचवतो, मंजुरी जिल्हाधिकारी देतात. सभामंडपावर आमदाराचे नाव रंगवलेले असते एवढेच.

आता दुसरा आकडा पाहा. २०२४-२५ चा राज्याचा अर्थसंकल्प सुमारे ६ लाख १२ हजार कोटींचा होता. असा अर्थसंकल्प मंजूर करण्याचा अधिकार विधानसभेचा, म्हणजे या आमदारांचा. पण कित्येक खात्यांच्या मागण्या चर्चेविना, आवाजी मतदानाने पार पडतात. दीडशे रुपयांचा हिशेब रंगीत छापला जातो आणि सहा लाख कोटींच्या वेळी आपला माणूस सभागृहात बसला होता का, हे कुठेच लिहिलेले नसते.

ते शोधता येते. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या आणि कामकाज मिळते. नातवाच्या मदतीने दोन महिने मी तेच वाचले. तारांकित प्रश्नाची भाषा ठरलेली असते. 'हे खरे आहे काय' असे आमदार विचारतो. खाली मंत्र्यांची उत्तरे येतात, 'होय', 'हे खरे नाही', 'अंशतः खरे आहे' आणि सर्वांत सोयीचे, 'प्रश्न उद्भवत नाही'. यादीतले मोजकेच प्रश्न तोंडी चर्चेला येतात, बाकीच्यांची उत्तरे छापील स्वरूपात पटलावर ठेवली जातात. पण खरी परीक्षा तोंडी चर्चेतच असते. उपप्रश्नाला मंत्री बोलून गेला की त्याचे आश्वासन होते आणि ते पाळले की नाही हे पाहायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. लक्षवेधी सूचनेचेही तसेच.

इथे एक सावधगिरी. 'सभागृहात शेकडो प्रश्न विचारले' असे वाक्य पुस्तिकेत असेल तर हुरळून जाऊ नये. एकाच प्रश्नाखाली दहा-बारा आमदारांची नावे असतात. कुणी लिहिला आणि कुणी सही केली, ते कळत नाही. मुंबईतल्या आमदारांची गुणपत्रिका 'प्रजा फाउंडेशन' बऱ्याच वर्षांपासून काढते. आमच्याकडे तसे कुणी नाही. म्हणून मी प्रश्नांची संख्या सोडून दिली आणि आमच्या तालुक्याचे नाव कुठे कुठे येते एवढेच पाहिले.

आमदारांवर अन्याय नको म्हणून हेही सांगतो. २०१९ ते २०२४ च्या विधानसभेचा बराच काळ मोडका गेला. करोनामुळे २०२० ची पावसाळी आणि हिवाळी, आणि २०२१ ची पावसाळी अशी तीन अधिवेशने दोन-दोन दिवसांत आटोपली. फेब्रुवारी २०२१ पासून जुलै २०२२ पर्यंत सभागृहाला अध्यक्षच नव्हते. पक्ष फुटले, सरकारे बदलली. त्यात १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने व्हिपविरुद्ध मत देण्याची सोय आधीच गेलेली. पण प्रश्न विचारायला व्हिप आडवा येत नाही.

आणि सत्ता नसली तर काही होत नाही, हे मला पटत नाही. शेजारच्या सांगोल्यातून गणपतराव देशमुख १९६२ पासून ११ वेळा निवडून आले. शेतकरी कामगार पक्षाचे, म्हणजे जवळजवळ सारा काळ विरोधी बाकावर. मंत्रिपद मिळाले ते १९७८ आणि १९९९ च्या सरकारांत, तेही थोडा काळ. त्यांचे प्रगतिपुस्तक एका शब्दाचे होते, पाणी. कृष्णेचे पाणी उपसून दुष्काळी तालुक्यांत आणणारी टेंभू योजना, त्यासाठी नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदा, आणि सभागृहात तोच विषय पुन्हा पुन्हा. ऐकणारे कंटाळत असतील, पण कालवा पुढे सरकत राहिला. तरीही १९७२ आणि १९९५ मध्ये त्याच सांगोल्याने त्यांना घरी बसवले. दोन्ही वेळा ते परत आले. २०१९ ला ते स्वतःहून थांबले आणि २०२१ मध्ये गेले. त्यांची सगळी धोरणे मला मान्य होती असे नाही. पण पुढची पाच वर्षे हा माणूस कशासाठी भांडणार आहे, हे सांगोल्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असे. हे आपल्या आमदाराबद्दल सांगता येईल का, तुम्हीच आठवून पाहा.

आमच्या उपकेंद्राचे रहस्य मला त्या प्रश्नोत्तरांतच उलगडले. इमारत एका लेखाशीर्षातून होते, तिथली परिचारिका आणि आरोग्यसेवक दुसऱ्यातून. त्यासाठी पदनिर्मिती लागते, तिला वित्त विभागाची संमती लागते. दुसऱ्याच जिल्ह्यातल्या एका आमदाराने अशा बंद उपकेंद्रांबद्दल विचारले होते. उत्तर होते, पदनिर्मितीचा प्रस्ताव शासनाच्या विचाराधीन आहे. प्रश्नाखालच्या नावांत आमचे आमदार नव्हते. इमारतीला फीत असते, नारळ असतो. पदनिर्मितीला फक्त फाईल असते आणि तिच्या मागे मंत्रालयाच्या जिन्यांवर हेलपाटे घालावे लागतात. त्याचा फोटो निघत नाही.

गेल्या महिन्यात आमदार गावात आले. पारावर खुर्च्या मांडल्या होत्या. मी चौथी पुस्तिका घेऊन गेलो आणि विचारले, "साहेब, उपकेंद्राची पदं मंजूर झाली का?"

"गुरुजी, इमारत तर दिली ना आपण! रंगसुद्धा दिला."

"इमारत दिसते. पदांसाठी सभागृहात कधी विचारलंत?"

त्यांनी स्वीय सहायकाकडे पाहिले. सहायकाने वहीत काहीतरी लिहून घेतले. "बघून सांगतो," आमदार म्हणाले आणि माझ्यासाठी चहा मागवला. मी चहा घेतला आणि सहायकाला म्हटले, वहीत तारीखही लिहा.