कॉम्प्युटरचा वेग आणि गर्मीचा हिशेब

डहाणू-तलासरीकडच्या कापडाच्या दुकानांत आता खतावणीच्या जागी कॉम्प्युटर आला आहे. ज्यांचे काम छपाईच्या डिझाइनचे आहे, त्यांचे तर त्याच्यावाचून पान हलत नाही. वारली चित्र स्कॅन करून साडीच्या मापात बसवायचे म्हणजे फाइल जड होते आणि मशीन रेंगाळू लागते. मग घरातला एखादा तरुण म्हणतो, "चाचा, ओव्हरक्लॉक करू या, फुकटात वेग वाढेल." माझ्या पुतण्याने हेच सांगितले. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून (तलासरीकरांना वापी जवळ पडते) त्यानेच आमचे मशीन जोडलेले, म्हणून त्याचा शब्द मानला. काय मिळाले आणि काय गेले, ते सांगतो.

प्रोसेसरचा वेग हा साधा गुणाकार असतो. मदरबोर्डचा मूळ ठोका १०० मेगाहर्ट्झ आणि गुणक ३४, म्हणजे वेग ३४०० मेगाहर्ट्झ. गुणक वाढवला की वेग वाढतो, यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. एकाच मागावरचे सगळे तागे जसे सारखे उतरत नाहीत तशाच चिपाही, म्हणून कंपनी सर्वांना झेपेल असाच आकडा छापते. १९९८ साली इंटेलची सेलेरॉन ३००ए ही स्वस्त चिप पुष्कळांनी ३०० ऐवजी ४५० वर चालवली. आज तशी लूट राहिली नाही, कारण गरजेप्रमाणे वेग चढवण्याचे काम चिप स्वतःच करते. आमचा रायझन ५ २६०० हा २०१८ चा, सहा कोअरचा. मूळ वेग ३.४ गिगाहर्ट्झ, पण एका कोअरचे काम असेल तर तो आपोआप ३.९ पर्यंत जातो.

प्रत्येक चिपला ही मुभा नसते. इंटेलमध्ये साधारणपणे नावाशेवटी 'के' असलेली चिप आणि झेड चिपसेटचा बोर्ड लागतो. रायझनमध्ये बहुतेक चिपा मोकळ्या आहेत, पण ए३२० सारख्या स्वस्त बोर्डावर ही सोय नाही. आणि ओव्हरक्लॉकिंगने झालेले नुकसान दोन्ही कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाही.

आता गर्मी. नुसता वेग ५ टक्के वाढवला तर उष्णता साधारण तेवढीच वाढते. पण जास्त वेग टिकवायला व्होल्टेज वाढवावे लागते, आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने चढते. १.२० चे १.३५ केले की तेवढ्यानेच उष्णता सव्वापटीहून वर गेली. पंखा ही उष्णता फक्त खोलीतल्या हवेत टाकतो, खोलीपेक्षा थंड तो काहीच करू शकत नाही. जानेवारीत खोली २५ अंश असताना चिप ७० दाखवत असेल, तर मे महिन्यात ३५ अंशांच्या दुकानात तीच ८० दाखवणार. थंडीत केलेल्या परीक्षेवर आपल्याकडे भरवसा ठेवू नये. या चिपची कमाल मर्यादा ९५ अंश आहे, पण मी ८५ ला हात आखडता घेतो.

शिवाय आपला धंदा कापडाचा. बारीक तंतू हीटसिंकच्या पात्यांत बसून त्याचा अक्षरशः नमदा होतो. आम्ही पंखा उतरवला, ब्रशने सफाई केली, सुकलेली थर्मल पेस्ट बदलली, एवढ्यानेच ८ अंश उतरले. वेगाला हात लावण्याआधी हे करावे.

मग हिशेबाची नक्कल बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. बायॉसमध्ये गुणक एकेक पायरी चढवावा. व्होल्टेज 'ऑटो'वर सोडू नये, कित्येक बोर्ड गरजेपेक्षा जास्त देतात. आम्ही १.२५ ठेवले. प्रत्येक पायरीला सर्व कोअरवर पूर्ण भार टाकून अर्धा तास तापमान पाहावे, शेवटच्या पायरीला काही तास. मशीन अडकले किंवा आपोआप बंद होऊन सुरू झाले तर एक पायरी खाली यावे. सुरूच होईना तर प्लग काढून बोर्डावरची गोल बॅटरी काही मिनिटे बाहेर ठेवावी, बायॉस पूर्वस्थितीवर येते.

आमची चूक इथेच झाली. पुतण्याने घाईत ३९.५ चा गुणक लावला, दहा मिनिटांची परीक्षा पास झाली आणि आम्ही कामाला लागलो. मशीन एकदाही अडकले नाही. पण लग्नसराईतली एक मोठी डिझाइन छपाईला पाठवायच्या आदल्या रात्री फाइल उघडेना. जुनी नक्कल होती म्हणून निभावले, तरी दोन दिवसांचे काम पुन्हा करावे लागले. अस्थिर मशीन दर वेळी बंद पडून इशारा देत नाही, कधी ते गुपचूप चुकीचे लिहून ठेवते.

आता ते ३.८ वर आहे. सहाही कोअर राबतात त्या कामात २० मिनिटांचे १९ होते, याहून जास्त नाही. बिल आणि हिशेबाच्या कामात मात्र तोटाच आहे, कारण ते बहुधा एका कोअरवर चालते आणि हाताने गुणक बांधला की या चिपची आपोआप ३.९ ला जाण्याची सोय बंद होते. खरा फरक जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्यावर आणि रॅम ८ ची १६ जीबी केल्यावर पडला. त्याला पैसे लागले, हे कबूल.

हिशेबाचे मशीन आम्ही वेगळे केले असून ते कंपनीच्या वेगावरच चालते. डिझाइनचे मशीन एप्रिल लागताच उघडून साफ करतो, आणि मे महिन्यात दुपारी तापमान ८५ च्या वर दिसले तर पावसाळा लागेपर्यंत गुणक पुन्हा 'ऑटो'वर टाकतो.